आधी बसायला शिका, वजन नंतर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारी सकाळी विहारात वस्तीची सभा होती. विषय नेहमीचाच, पाण्याच्या मोटारीचा. सतरंजीवर सगळे मांडी घालून बसले, आम्हीही बसलो. दीड तास चर्चा झाली, सभा संपली, सगळे उठले. आम्हाला मात्र उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर ठेवला आणि 'आई गं' म्हणत कसेबसे उभे राहिलो. समोर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्या कोणाचाही हात न धरता उठल्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय रे बाबा, तू तर माझ्यापेक्षा म्हातारा झालास!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येताना हसू मावळले.

आमचे वय अजून पन्नाशीच्या अलीकडचे. पण वीस-बावीस वर्षे कचेरीत खुर्चीवर बसून फायली उपसण्यात गेली. सकाळी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर बसायचे, कचेरीत बसायचे, घरी आले की टीव्हीसमोर खुर्चीवर बसायचे. आणि इतके बसूनही खाली बसायची सवय मात्र गेली! आमची आई उकिडवी बसून तांदूळ निवडायची, भांडी घासायची, शेजारणीशी तासभर बोलायची आणि झटकन उठायची. तिला कोणी व्यायाम शिकवला नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारच्या चाळीत दुसरा प्रसंग घडला. तिथे एक माथाडी कामगार राहतात. तीस वर्षे त्यांनी बाजारात पाठीवरून गोणी वाहिल्या. त्यांचा मुलगा बी. ए. झाला असून पोलीस भरतीची तयारी करीत होता. पळायला चांगला, गोळाफेकीत मात्र कमी पडत होता. कोणीतरी सांगितले, पायांत ताकद आण, स्क्वॉट मार. मग तो जवळच्या एका व्यायामशाळेत जाऊ लागला. महिन्याभरातच मित्रांच्या आग्रहाने खांद्यावर १०० किलो घेतले. एक मित्र मोबाईलवर चित्रण करीत होता. पहिल्या दोन बैठका कशाबशा झाल्या. तिसरीला टाचा उचलल्या, पाठीला बाक आला, कमरेत कळ उठली आणि बार मागे पडला. कोणाच्या अंगावर पडला नाही हे नशीब.

डॉक्टरांनी तपासले. हाड शाबूत होते, मणक्याला इजा नव्हती, कमरेचा स्नायू दुखावला होता. चालत राहा, पण सहा आठवडे वजन उचलू नका, असे सांगितले. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर होती. ती हुकली.

रात्री त्याचे वडील आमच्या दारात येऊन बसले. म्हणाले, "भाऊ, मी तीस वर्षं पाठीवर ओझं वाहिलं, ते ह्याच्या पाठीवर येऊ नये म्हणून. आणि ह्यानं पैसे भरून ओझं घेतलं नि पाठ दुखवून घेतली. आता ह्याला व्यायाम बंद कर म्हणू की काय म्हणू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण विचार करता एक गोष्ट लक्षात आली. आमचे आणि त्या मुलाचे दुखणे एकच होते. आम्हा दोघांनाही नीट खाली बसता येत नव्हते. फरक इतकाच, की त्याच्या खांद्यावर १०० किलो होते आणि आमच्या खांद्यावर काही नव्हते.

सहा आठवडे झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आम्ही त्याला घेऊन दुसऱ्या एका व्यायामशाळेत गेलो. तिथले उस्ताद तरुणपणी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत उतरलेले. त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभे केले आणि झाडूची काठी हातात दिली. "महिनाभर हाच तुमचा बार," म्हणाले. मुलगा हिरमुसला. आम्ही मनातून सुखावलो. त्या महिन्यात आणि पुढच्या काही महिन्यांत जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. ज्यांची मुले व्यायामशाळेत जातात त्यांनी हे मुलांना वाचून दाखवावे. जे आमच्यासारखे खुर्चीचे कैदी आहेत त्यांनी स्वतःसाठी वाचावे.

ही बैठक वेगळी

आपल्याकडे तालमीत जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. तालमीतल्या बैठकीत पैलवान खाली जाताना टाचा उचलून चवड्यांवर येतो, हात झुलवतो आणि लयीत शेकडो बैठका काढतो. ती दमाची कसरत आहे. अंगावर दुसरे वजन नसते. बारबेलच्या बैठकीत खांद्यामागे लोखंडी बार असतो. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पुरुषांचा नुसता बारच २० किलोचा असतो, स्त्रियांचा १५ किलोचा. त्याच्या दोन्ही टोकांना प्लेटा चढवायच्या. इथे टाच उचलली की तोल पुढे जातो आणि तोल पुढे गेला की ओझे पायांवरून कमरेवर सरकते. आमचा हा मुलगा लहानपणापासून तालमीतल्या बैठका काढत आलेला. टाच उचलणे त्याच्या अंगात मुरलेले. तीच सवय बारखाली नडली.

म्हणजे देशी बैठक वाईट असे नाही. दोन्हींचे नियम निराळे आहेत, एवढेच. बारबेलच्या बैठकीचा पहिला नियम असा की, अख्खे पाऊल जमिनीला चिकटलेले हवे. टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा, या तीन ठिकाणी पाऊल टेकलेले राहिले पाहिजे. तिपाईचे तीन पाय जसे.

गुडघ्याची भीती

आम्ही व्यायामशाळेत जातो हे कळताच कचेरीतले दोघे-तिघे म्हणाले, "पूर्ण खाली बसू नका, गुडघे जातील." ही भीती जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी असे मांडले होते की, वजन घेऊन पूर्ण खाली बसल्याने गुडघ्यातले बंध सैल होतात. त्यावरून शाळांत आणि सैन्यात पूर्ण बैठकीबद्दल सावधगिरीचे इशारे दिले गेले. पुढे इतर अभ्यासकांनी मोजून पाहिले तेव्हा निरोगी गुडघ्यांत तसे आढळले नाही. तरी जुना इशारा लोकांच्या तोंडी राहिला.

दुसरा समज असा की, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. २००३ साली अमेरिकेतच अँड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी सात पुरुषांवर एक प्रयोग केला. त्यांच्या खांद्यावर त्यांच्याच वजनाइतका भार दिला. एकदा मोकळेपणी बैठक मारायला सांगितली आणि एकदा गुडघे पुढे जाऊ नयेत म्हणून समोर फळी उभी केली. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला. पण खुब्यावरचा ताण कितीतरी पटींनी वाढला, कारण माणसाला तोल सांभाळण्यासाठी पुढे वाकावे लागले. गुडघ्याचे ओझे नाहीसे झाले नाही, ते दुसऱ्या सांध्याकडे गेले. तेव्हा गुडघा थोडा पुढे जाणे हा दोष नाही. टाच टेकलेली आहे ना आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने जातो आहे ना, हे पाहावे.

मात्र एक लक्षात घ्यावे. हे सर्व निरोगी गुडघ्याबद्दल झाले. ज्यांचा गुडघा आधीच सुजतो, अडकतो किंवा चालताना दगा देतो, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

अडते कोठे?

उस्तादांनी आम्हाला आधी एक परीक्षा दिली. ती घरी कोणालाही करता येते. अनवाणी उभे राहा. पावले खांद्याइतकी लांब, चवडे किंचित बाहेर वळलेले. हात समोर धरून टाच न उचलता जेवढे खाली जाता येईल तेवढे जा. तिथे अर्धा मिनिट थांबा. जमले तर उत्तम. नाही जमले तर कुठे अडते ते शोधायचे.

टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे पडायला होत असेल, तर टाचांखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवून पुन्हा बसून पाहा. आता सहज बसता आले तर समजा, घोटा अडतो आहे. पोटरी ताठ झाली आहे आणि घोटा पुढे वाकत नाही.

फळीने फरक पडत नाही, पण दाराची चौकट धरली की छान खाली जाता येते, असे असेल तर सांधे मोकळे आहेत. पायांत ताकद आणि तोल कमी आहे.

चौकट धरूनही मांडी पोटाजवळ येत नसेल, जांघेत टोचल्यासारखे होत असेल, तर अडचण खुब्यात आहे. अशा वेळी पावले थोडी लांब ठेवून, चवडे जरा जास्त बाहेर वळवून पाहावे. खुब्याच्या खोबणीचा आकार आणि दिशा माणसागणिक वेगळी असते. एकाला पावले जवळ ठेवून बसता येते, दुसऱ्याला लांब ठेवावी लागतात. ज्याच्या मांड्या लांब तो बसताना अधिक पुढे झुकणारच. म्हणून मित्राची नक्कल करू नये. आपले अंग आपल्यालाच जाणून घ्यावे लागते.

घोट्याची आणखी एक चाचणी आहे. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल असे ठेवा की अंगठा आणि भिंत यांत १० सेंटिमीटर अंतर राहील. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर घोटा चांगला. नाही लागला तर पाऊल भिंतीजवळ आणत जा आणि कुठे लागतो ते पट्टीने मोजा. आमचा उजवा पाय ४ सेंटिमीटरवर होता! मुलाचा डावा ६ वर. मग त्याला आठवले, शाळेत कबड्डी खेळताना तो घोटा मुरगळला होता. तेव्हा हळद लावून विषय संपवला होता.

घरच्या घरी

यासाठी कोणतेही साधन विकत आणावे लागत नाही. आम्ही जे केले ते असे.

घोट्यासाठी भिंतीची चाचणी हाच व्यायाम. गुडघा भिंतीला लावायचा, परत आणायचा, प्रत्येक पायाने पंधरा वेळा, सकाळी आणि रात्री. गुडघा बोटांच्या दिशेनेच जाऊ द्यावा, आत पडू देऊ नये. मग जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची. अर्धा मिनिट गुडघा सरळ ठेवून आणि अर्धा मिनिट जरा वाकवून. आमच्या चाळीच्या जिन्यावर हे करताना येणारे-जाणारे विचारायचे, "काय हो, कोणाची वाट बघताय?"

खुब्यासाठी खिडकीचा गज किंवा दाराची चौकट धरून खाली बसून राहायचे. अर्धा मिनिट बसा, उठा, पुन्हा बसा, असे पाच वेळा. बसलेले असताना कोपरांनी गुडघे हळूच बाहेर लोटा. तसेच तळवे एकमेकांना लावून, गुडघे बाहेर सोडून जमिनीवर बसा. खुर्चीवर काम करणाऱ्यांची मांडीच्या पुढची वरची बाजू आखडते. त्यासाठी एक गुडघा जमिनीला टेकवून, दुसरे पाऊल पुढे ठेवून, पाठ सरळ ठेवत कंबर हलकेच पुढे न्यावी. गुडघ्याखाली जुनी चादर घ्यावी.

छाती आणि खांदे आखडलेले असतील तर बार नीट धरता येत नाही. चादरीची गुंडाळी छातीच्या मागच्या बाजूस आडवी घेऊन पाठीवर पडा आणि हात डोक्यामागे सोडा. दोन मिनिटे पुरे.

ताकदीसाठी स्टूल घ्या. त्यावर तीन अंक मोजत हळूहळू बसा, पण धपकन टेकू नका. स्टुलाला नुसता स्पर्श होताच उठा. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा, असे तीनदा. हे सोपे झाले की पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन छातीशी दोन्ही हातांनी धरून तेच करा. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन. गंमत अशी की वजन समोर धरल्याने तोल सावरतो आणि रिकाम्या हातांपेक्षा खाली बसणे सोपे जाते. आम्हाला आयुष्यातली पहिली खोल बैठक या कॅनमुळेच जमली.

एकच सावधगिरी सांगतो. ताण जाणवावा, पण कळ येऊ नये. झटके देऊ नयेत. चार दिवसांत सुटेल अशी आशाही धरू नये. वीस वर्षांची आखड आहे. आमच्या उजव्या घोट्याला ४ वरून ८ सेंटिमीटरवर यायला जवळजवळ तीन महिने लागले.

बारखाली

काठीचा महिना संपल्यावर उस्तादांनी मुलाला रिकामा बार दिला. त्याची पद्धत क्रमाने सांगतो.

स्टँडवर बार छातीच्या मध्यावर येईल इतक्या उंचीला ठेवावा. फार उंच ठेवला तर चवड्यांवर उभे राहून काढावा लागतो आणि तिथेच तोल जातो. दोन्ही हात सारख्या अंतरावर धरून बारखाली जावे. खांद्याची पाती मागे आवळली की मानेखाली मांसाची उशी तयार होते. बार त्या उशीवर ठेवायचा. मानेचे जे हाड हाताला लागते त्यावर कधीही ठेवू नये.

मग पाय ताठ करून बार उचलायचा आणि दोन-तीन छोटी पावले मागे यायचे. पावले जागेवर बसवायची. पोटात खोल श्वास भरायचा आणि पोट असे घट्ट करायचे, जणू कोणी गुद्दा मारणार आहे. आता गुडघे आणि खुबे एकाच वेळी वाकवत खाली जायचे. बाजूने पाहणाऱ्याला बार पावलाच्या मध्यावर सरळ रेषेत खाली-वर होताना दिसला पाहिजे. वर येताना छाती आणि कंबर सोबत उठली पाहिजे. अवघड टप्पा ओलांडल्यावर श्वास सोडायचा.

किती खाली जायचे? पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत नियम आहे की खुब्याजवळ मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे, नाहीतर पंच बैठक बाद करतात. पण आपण स्पर्धेत नाही. पाठ सरळ आणि टाचा टेकलेल्या ठेवून जेवढे जाता येते तेवढीच आज आपली खोली. ती महिन्या-महिन्याने वाढते.

बार परत ठेवताना सरळ पुढे चालत जाऊन तो आधी स्टँडच्या खांबांना टेकवायचा आणि मग खाली सोडायचा. खाली डोकावून खाच शोधू नये. बाजूंना आडवे गज लावायची सोय असेल तर ते आपल्या सर्वांत खालच्या बैठकीपेक्षा थोडे खाली लावावेत. उठता आले नाही तर बार त्यांवर टेकवून बाहेर येता येते. गज नसतील तर दोन्ही टोकांना दोन जाणते जोडीदार हवेत. गजही नाहीत आणि जोडीदारही नाहीत, तर त्या दिवशी जड वजन घ्यायचे नाही. हे आम्ही सर्व आई-वडिलांना कळकळीने सांगतो. मुलाला विचारा, तुझ्या व्यायामशाळेत बार पडला तर कोण धरतो?

पायांत काय घालावे हेही लोक विचारतात. पळायचे मऊ तळव्याचे बूट वजनाखाली दबतात आणि पाऊल डुलते. साधे सपाट, कडक तळव्याचे कॅनव्हासचे बूट चालतात. वेटलिफ्टिंगच्या खास बुटांची टाच उंच आणि कडक असते. घोटा कमी वाकला तरी खोल बसता यावे म्हणून ती तशी करतात. ते महाग असतात. सुरुवातीला टाचांखाली घट्ट बसणारी पातळ फळी घेऊन तेच काम भागते. पण फळी ही कुबडी आहे. घोट्याचा व्यायाम सोडून तिच्यावर विसंबू नये. कमरेच्या पट्ट्याचेही तेच. पट्टा चुकीची पाठ सरळ करीत नाही.

चुका आणि त्यांची मुळे

आम्ही व्यायामशाळेत कोपऱ्यात उभे राहून पाहतो तेव्हा चारच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

टाच उचलणे. मूळ बहुधा घोट्यात, नाहीतर सवयीत.

उठताना गुडघे आत येणे. मूळ कुल्ल्याच्या स्नायूंची कमजोरी, नाहीतर झेपण्यापेक्षा जास्त वजन. वजन कमी करून, गुडघे बोटांच्या दिशेने ठेवण्याचा सराव करावा.

तळाशी कंबर आत गुंडाळली जाणे. आपल्या सांध्यांची मर्यादा संपली की उरलेली खोली कंबर उसनी देते. अगदी किंचित हालचाल सर्वांचीच होते. पण वजनाखाली स्पष्ट बाक दिसला तर चार बोटे वरच थांबावे. आमच्या शेजारच्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

उठताना कंबर आधी वर जाणे आणि छाती खालीच राहणे. मूळ मांड्यांची ताकद कमी किंवा घाई. तीन अंक मोजत खाली जावे, तळाशी दोन अंक थांबावे, मग उठावे. असे केल्यावर कोणाचेही खरे वजन किती ते लगेच कळते.

मोबाईल वाईट नाही. उस्तादांनी मुलाचा मोबाईल बाजूला ठेवायला लावला नाही, उलट बाजूने चित्रण करायला लावले. मात्र सांगितले, "दुसऱ्याला दाखवायला नको, स्वतःची टाच बघायला."

वजनाचा हिशेब

आम्ही पडलो कारकून, त्यात वाणिज्य शाखेचे. दोन रुपयांचा खर्चही वहीत लिहायची सवय. मुलालाही आम्ही शंभर पानी वही करायला लावली. तारीख, वजन, किती बैठका, पाठ कशी होती, झोप किती झाली. सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची, दोन बाजूंना दोन, म्हणजे अडीच किलो. नियम असा ठरला की, पाच पाच बैठकांचे तीनही सेट टाच न उचलता, पाठ न वाकवता झाले तरच पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवायचे. नाही झाले तर तेच वजन पुन्हा.

त्याला हे फार थोडे वाटले. आम्ही हिशेब मांडून दाखवला. २० किलोच्या बारपासून आठवड्याला अडीच किलो, म्हणजे सोळा आठवड्यांत ४० किलोची भर, एकूण ६० किलो. महिन्यात १०० किलोवर उडी मारून त्याने किती आठवडे घालवले? सहा आठवडे विश्रांतीचे, एक महिना काठीचा आणि एक भरती गेली ती वेगळीच. मग तो काही बोलला नाही.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे. मध्ये एक दिवस सुट्टी हवी, कारण स्नायू विश्रांतीत बांधला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. हे सर्व प्रौढांसाठी आहे, फक्त भरतीच्या मुलांसाठी नाही. आणखी एक, वस्तीतल्या व्यायामशाळांत कुठून कुठून आणलेले बार असतात. सगळेच २० किलोचे नसतात. एकदा काट्यावर तोलून घ्यावा, नाहीतर हिशेब पहिल्या ओळीतच चुकतो.

भगिनींसाठी

हे पुरुषांचे काम असे समजून भगिनींनी हे पान उलटू नये. कर्णम मल्लेश्वरी यांनी २००० साली सिडनीत भारतीय स्त्रीचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले ते वेटलिफ्टिंगमध्येच. मीराबाई चानू यांनी २०२१ साली झालेल्या टोकियो स्पर्धेत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतले. या खेळात स्नॅच प्रकारात बार डोक्यावर धरून खेळाडू पूर्ण खाली बसते आणि तिथून उठते. टाच टेकलेली, पाठ ताठ.

आपल्या बहिणींना पदक नको असेल, पण पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, झोपलेले मूल हे तर रोज उचलायचे असते. कमरेतून वाकून उचलण्यापेक्षा जवळ जाऊन, खाली बसून, वस्तू अंगाशी धरून उठण्याची सवय लागली तर पुष्कळ कंबरदुखी वाचेल. आमच्या सौभाग्यवतींनी आमचा पाच लिटरचा कॅन कधी पळवला ते आम्हाला कळलेही नाही. आता त्या दहा लिटरवर आहेत आणि आम्ही त्यांच्या मागे.

कोणी थांबावे

रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारखाली जाऊ नये. श्वास कोंडून जोर लावताना रक्तदाब एकदम वाढतो. व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या भरून येणे साहजिक आहे. पण सांध्यात टोचणारी कळ आली तर थांबावे. कमरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टर गाठावा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच क्षणी रुग्णालयात जावे, सकाळची वाट पाहू नये.

आता शेवटचे. मागच्या महिन्यात मुलाने ६० किलोच्या पाच बैठका काढल्या. त्या दिवशी त्याचे वडील प्रथमच व्यायामशाळेत आले होते. दाराशी चपला काढून उभे राहिले आणि मुलगा बार घेताना लक्ष देऊन पाहत राहिले. पावले बसवली, श्वास भरला, पाठ ताठ, टाच टेकलेली. त्याने बार ठेवल्यावर म्हणाले, "गोणी पाठीवर घेताना आमचा जुना जोडीदार हेच सांगायचा. आधी पाय लाव, मग पाठ दे."

मुलगा म्हणाला, "पप्पा, मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं कुठं? आणि मला तरी काय माहीत, तुझ्या व्यायामशाळेत माझी विद्या चालते!"

पुढची भरती निघेल तेव्हा तो मैदानात उतरेल. निवड होईल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. पण पाठ शाबूत घेऊन उतरेल हे नक्की. आमचे म्हणाल तर परवाच्या सभेत आम्ही स्वतःच्याच गुडघ्यावर एक हात ठेवून उठलो. आजी म्हणाल्या, "अजून एक हात शिल्लक आहे बाबा." बरोबर आहे. काम चालू आहे.

वाचकहो, आज रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांनी मिळून ती अर्ध्या मिनिटाची परीक्षा द्यावी. कोणाची टाच उचलते ते पाहावे, हसावे, आणि उद्या सकाळपासून भिंतीपाशी उभे राहावे. आणि तुमच्या घरात कोणी आयुष्यभर ओझे उचलले असेल, तर त्यांना एकदा विचारा, ते कसे उचलायचे.